वज्रमूठ, पण कुणाची?

दिवाळीच्या अंकात मारामारीचा विषय काढला म्हणून वाचकभगिनींनी नाक मुरडू नये. आपली दिवाळी उजाडते तीच मुळी एका वधाने. अभ्यंगस्नान उरकले की घरातले चार वर्षांचे पोरसुद्धा तुळशीपाशी उभे राहून पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडते आणि नरकासुराला ठार केल्याच्या आनंदात चकलीकडे वळते. तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी थोडी झटापट चालायला हरकत नाही. शिवाय आज ज्याची आठवण काढायची आहे, त्याला एरवी वर्षभरात कुणी आठवत नाही. निदान सणाच्या दिवशी तरी त्याच्या नावाने एक पान मांडावे, एवढाच हेतू.

त्याने मागे ठेवलेला शब्द मात्र आपण सगळे वापरतो. वज्रमूठ! ऐक्याची वज्रमूठ, कामगारांची वज्रमूठ, मराठी माणसाची वज्रमूठ. २०२३ साली तर महाराष्ट्रात या नावाच्या राजकीय सभाच झाल्या. आमचे लोअर परळ म्हणजे आवळलेल्या मुठींचेच गाव. मोर्चा निघाला की डिलाईल रोडवर माणसापेक्षा मुठीच अधिक दिसत. वक्ता ‘वज्रमूठ’ म्हणाला की टाळी हटकून पडायची. पण व्यासपीठावरच्या वक्त्याला आणि खालच्या श्रोत्याला विचारा, की बाबांनो, ही वज्रमूठ प्रथम आवळली कुणी? दोघेही एकमेकांकडे पाहतील. कुणाला वाटेल, हा नुसता अलंकार असावा. वज्रासारखी मूठ ती वज्रमूठ, समास सुटला, प्रश्न मिटला.

मौज अशी की वज्रमूठ ही खरोखरीची वस्तू होती. बोटांच्या पेरांवर बसेल असा शिंगाचा किंवा हस्तिदंताचा एक तुकडा, त्याला वरच्या बाजूने टोके काढलेली. तो उजव्या मुठीत घट्ट धरायचा वा बांधायचा आणि त्या मुठीने समोरच्याच्या डोक्यावर, तोंडावर, छातीवर प्रहार करायचे. डावा हात मोकळा. त्याने पकडायचे, अडवायचे, मान दाबायची, संधी मिळताच डाव टाकून खाली आणायचे. म्हणजे अर्धी कुस्ती, अर्धा ठोसा. संस्कृतात वज्रमुष्टी, बडोद्याकडे ‘नखी की कुस्ती’, म्हैसुरात ‘वज्रमुष्टी काळग’. आणि ती लढणारा तो जेठी.

हल्ली आपली मुलेमुली ज्याला ‘एमएमए’ म्हणतात, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, त्याची व्याख्या तरी दुसरी काय आहे? ठोसा आहे, लाथ आहे, पकड आहे, आणि एकाच रिंगणात सगळ्यांना मुभा आहे. आमच्याकडे जिथे साचे खडखडत होते, त्या गिरण्यांच्या आवारांत आज काचेच्या इमारती आहेत. संध्याकाळी त्यांतल्या एखाद्या काचेआड लोंबत्या बॅगेवर ठोसे लगावणारी तरुण मंडळी दिसतात. त्यांना विचारले, की हा खेळ कुठला? तर ते अमेरिका म्हणतील, ब्राझील म्हणतील, फार तर जपान म्हणतील. बडोदे कुणी म्हणणार नाही.

*

जेठी हा शब्द ‘ज्येष्ठी’वरून आला. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या सीमेला लागूनच. जुन्या मराठीचे काही नमुने ज्यात सापडतात म्हणून आपले भाषापंडित ज्याला जपतात, तोच हा ग्रंथ. त्यात राजाच्या करमणुकीचे जे प्रकार वर्णिले आहेत त्यांत मल्लविनोद आहे, आणि मल्लांच्या प्रतवारीत सर्वांत वरचा जो, त्याला ‘ज्येष्ठिक’ म्हटले आहे. त्याचा आहार काय, मेहनत किती, हे सगळे राजाने बारकाईने सांगितले आहे. आज ज्याला प्रशिक्षणशास्त्र म्हणतात त्याचा हा आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचा धडा.

पुढे गुजरातेत मोढेऱ्याच्या ब्राह्मणांपैकी एक जमातच या विद्येला वाहिलेली निघाली. ज्येष्ठिमल्ल. ब्राह्मण म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पळी-पंचपात्र येते. पण या ब्राह्मणांच्या हातात पळीऐवजी शिंगाची नखी होती. त्यांचे स्वतःचे पुराण आहे, ‘मल्लपुराण’. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने ते १९६४ साली छापून प्रसिद्ध केले. त्यात श्रीकृष्णाने ही विद्या सोमेश्वर नावाच्या ब्राह्मणाला शिकवली अशी कथा आहे, आणि लिंबजा ही त्यांची कुलदेवता. कुठल्याही कारागिराच्या जमातीला आपला धंदा देवापासून आला असे सांगणारे पुराण असतेच. पण यांच्या पुराणात देवाइतकाच तालमीचा हिशेब आहे. जागा कशी असावी, माती कशी असावी, कोणत्या ऋतूत किती मेहनत करावी, काय खावे. वस्तादाने लिहावे असे हे पुराण.

आणि पुराणांचाच विषय निघाला आहे, तर एक प्रश्न विचारतो. कंसाच्या आखाड्यात श्रीकृष्णाने कुणाला मारले? लहान मूलही सांगेल, चाणूराला. आणि बलरामाने? इथे पुष्कळजण अडखळतात. बलरामाने मारलेल्या मल्लाचे नाव मुष्टिक. नावातच मूठ! चाणूराचे नाव आपल्या तोंडी राहिले, मुष्टिक त्याच्या पाठीमागे ‘आणि’ म्हणून जोडला गेला. ठोसा मारणाऱ्याला विसरण्याची आपली रीत अशी फार जुनी आहे.

*

बडोद्याच्या गादीवर १८५६ ते १८७० या काळात खंडेराव गायकवाड होते. शौकीन राजा. मोत्यांचा गालिचा विणून घेणारा, ‘स्टार ऑफ द साउथ’ नावाचा मोठा हिरा विकत घेणारा. त्यांना तितकाच शौक हत्तींच्या झुंजींचा, कुस्त्यांचा आणि नखीच्या लढतीचा. १८६४ च्या सुमारास लुई रूसले नावाचा एक फ्रेंच प्रवासी बडोद्यास आला. त्याने ही लढत पाहिली आणि आपल्या प्रवासाच्या ग्रंथात तिचे वर्णन केले. अंगावर जवळजवळ काही नाही, उजव्या मुठीवर शिंगाची नखी, भांगेच्या आणि अफूच्या अमलात गात गात आखाड्यात उतरणारे दोन मल्ल. पूर्वी ही नखी पोलादाची असे, तेव्हा मरण ठरलेलेच. पुढे शिंगाची आली म्हणून जीव वाचण्याची थोडी सोय झाली. तरीही रक्ताचा सडा पडल्यावाचून लढत संपत नसे. विजयी मल्लाला राजाकडून बक्षिसी मिळे.

हे वाचून आपल्या अंगावर काटा येतो, आणि आला पाहिजे. जुने ते सगळे सोने म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. राजाच्या करमणुकीसाठी दोन माणसांना नशा देऊन एकमेकांचे कपाळ फोडायला लावणे यात अभिमानाने छाती फुगवण्यासारखे काही नाही. पण खेळवणाऱ्याचा दोष खेळणाऱ्याच्या माथी मारू नये. जेठीच्या अंगी जी विद्या होती ती खरीखुरी विद्या होती, हे नाकारून चालणार नाही.

ती कोणती, हे समजायला थोडे आजच्या काळात यावे लागेल, आणि सातासमुद्रापलीकडेही जावे लागेल.

*

१२ नोव्हेंबर १९९३. अमेरिकेतले डेन्व्हर शहर. तिथल्या एका क्रीडागृहात जाळीचे अष्टकोनी रिंगण उभारून एक अजब स्पर्धा भरवली गेली. जगातली कोणती मारामारी श्रेष्ठ? मुष्टियुद्ध, कराटे, सुमो, कुस्ती, की जुजुत्सू? आठ माणसे, एकच रात्र, वजनाचे गट नाहीत, वेळेची कटकट नाही, आणि चावू नये व डोळ्यांत बोटे घालू नयेत याखेरीज फारसे नियमही नाहीत. आजच्या एमएमएच्या जागतिक धंद्याचा, ज्याला यूएफसी म्हणतात त्याचा, हा पहिला दिवस.

त्या रात्रीचा विजेता रॉयस ग्रेसी. ब्राझीलचा, ८० किलोंच्या आसपासचा सडपातळ तरुण. त्याच्या घराण्याची जुजुत्सू विद्या त्या एका रात्रीत जगभर गेली. त्याचे नाव या खेळाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ आहे. पण अंतिम फेरीत त्याच्यासमोर कोण उभा होता?

जेरार्ड गोर्डो. हॉलंडमधल्या हेगचा, उंच, हडकुळा, अंगावर गोंदण, ‘सावात’ या फ्रेंच लाथा-ठोशांच्या कलेत मुरलेला. त्या रात्रीची सर्वांत पहिली लढत त्याचीच होती. समोर १८० किलोंहून अधिक वजनाचा सुमो पैलवान तेईला तुली. सुमोवीर धावून आला, तोल जाऊन खाली बसला, आणि गोर्डोची लाथ त्याच्या तोंडावर बसली. दात उडाला तो थेट प्रेक्षकांच्या दिशेने. २६ सेकंदांत सगळे आटोपले. या खेळाच्या इतिहासातला पहिला जय हा असा ठोसे-लाथा मारणाऱ्याचा आहे. पण त्या २६ सेकंदांची किंमत गोर्डोने पुढे रात्रभर मोजली. हात मोडलेला, पायात सुमोवीराच्या दाताचे तुकडे रुतलेले, अशा अवस्थेत त्याने दुसरी लढत एका मिनिटाच्या आत जिंकली आणि तसाच तो अंतिम फेरीला उभा राहिला. ग्रेसीने त्याला जमिनीवर आणले, पाठीवर स्वार होऊन गळा आवळला. दोन मिनिटेही लागली नाहीत. ग्रेसी इतिहासात गेला, गोर्डो तळटीपेत.

गोर्डो काही साधुपुरुष नव्हता, हेही सांगितले पाहिजे. अंतिम लढतीत त्याने ग्रेसीचा कान चावल्याचा बोभाटा झाला. १९९५ साली जपानात युकी नाकाई नावाच्या त्याच्याहून फार लहान चणीच्या प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यात त्याने बोट घातले. नाकाईने तशाच स्थितीत पाय पिरगळून त्याला हरवले, पण त्याचा उजवा डोळा कायमचा गेला. त्या दिवसाचा मान नाकाईचाच. असे असले तरी एवढे खरे, की आरंभीच्या काळातल्या ठोशेवाल्यांची गोष्ट कुणी नीट सांगितली नाही. ‘ते हरले’ एवढ्या दोन शब्दांत त्यांची बोळवण झाली.

ते हरले का, याचे कारण मात्र समजून घेण्यासारखे आहे. ठोशाला अंतर लागते. पायाच्या टाचेपासून निघालेला जोर कमरेतून, खांद्यातून मुठीत उतरायचा, तर मध्ये हातभर मोकळी जागा हवी. पैलवान ती जागाच खाऊन टाकतो. तो अंगाला भिडतो, कंबर धरतो, खाली आणतो. एकदा पाठ जमिनीला लागली की ठोशातला सगळा जोर निघून जातो. दुसरी गोष्ट, उघड्या मुठीची. माणसाच्या हातात २७ हाडे आहेत, त्यांतली बहुतेक काडीसारखी. आणि कवटी हे शरीरातले मोठे कठीण हाड. उघड्या मुठीने कवटीवर ठोसा मारला की पुष्कळदा मूठच मोडते. करंगळीच्या मुळाशी होणाऱ्या अशा मोडीला डॉक्टर लोक ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. गोर्डोचा हात मोडला यात नवल काहीच नाही.

आता पुन्हा बडोद्याच्या आखाड्यात या. जेठीच्या उजव्या मुठीवर शिंगाची ढाल आहे आणि डावा हात पकडीसाठी मोकळा आहे. ठोशासाठी अंतर लागते हे त्याला ठाऊक आहे, आणि अंतर संपले तर काय करायचे हेही ठाऊक आहे, कारण तो लहानपणापासून मातीतही लोळलेला आहे. ठोसा आणि पकड या दोन वेगळ्या विद्या नसून एकाच हाताच्या दोन बाजू आहेत, हे डेन्व्हरच्या मंडळींना १९९३ नंतर हळूहळू उमगले. आजचे सगळे लढवय्ये दोन्ही शिकतात. जेठी ते एकोणिसाव्या शतकात लढून दाखवत होता. म्हणून म्हणतो, की या मिश्र खेळाच्या आरंभाचा इतिहास लिहायचा तर त्यात मोढेऱ्याच्या त्या मल्लाला पहिल्या पानावर जागा हवी.

*

मग तो गेला कुठे?

कुस्ती राहिली आणि वज्रमूठ गेली, याचे कारण राजाच्या खजिन्यात आहे. कुस्तीला लागते काय? चार हात माती, लंगोट आणि जोडीदार. गावच्या जत्रेत नारळावर कुस्ती होते, हरलेला पैलवान उठून अंगावरची माती झटकतो आणि दुसऱ्या दिवशी नांगर धरायला शेतात जातो. त्याला राजा असला तर चांगलेच, नसला तरी चालते. घाटावरून आणि कोकणातून आमच्या गिरणगावात पोटासाठी आलेल्या माणसांनी पाळी संपल्यावर तालमीत जोर काढले, ते कुठल्या राजाच्या आश्रयावर नव्हे. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या दंगली झाल्या त्या तिकिटाच्या पैशावर. कुस्तीला लोक मिळाले. वज्रमुठीला मात्र राजाच लागत होता. फुटलेले कपाळ घेऊन दुसऱ्या दिवशी शेतात जाता येत नाही. महिनोन्‌महिने खुराक घ्यायचा, एका दिवशी रक्त सांडायचे आणि मग जखमा भरून येईपर्यंत बसून खायचे, हा हिशेब दरबारावाचून जुळणारा नव्हता.

दरबार बदलले. इंग्रजी अंमलात असल्या खेळांकडे पाहण्याची नजर बदलली. पुढे बडोद्याला शाळा आल्या, ग्रंथालये आली, आणि फार चांगले झाले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीत असला रक्ताचा खेळ सरकारी पैशाने कोण चालवणार, आणि चालवावा तरी का? जेठी संपला तो अन्यायाने संपला असे म्हणता येणार नाही. पण तो संपताना त्याची नोंद तरी झाली का?

थोडी झाली, आणि ती मराठीत झाली, हे आपले भाग्य. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ नावाचे दहा खंडांचे काम एकोणीसशे तीस-चाळीसच्या दशकांत पुरे केले. मल्लखांब, बनेटी, लाठी, कुस्ती, मुष्टियुद्ध, जपानी जुजुत्सू, सगळे त्यात आहे. त्यावरून १९५० साली इंग्रजीत एक ग्रंथ निघाला, आणि आज परदेशातला कुणी वज्रमुष्टीवर दोन ओळी लिहितो तेव्हा बहुधा त्याच ग्रंथाचा आधार घेतो. आपल्या घरच्या पेटीतला दागिना शेजारी वापरतात आणि आपण पेटी उघडतही नाही, त्यातला हा प्रकार.

म्हैसुरात मात्र ज्योत तेवत आहे. दसऱ्याच्या दिवशी जंबुसवारी निघण्याआधी राजवाड्यात आजही जेठींच्या जोड्या उतरतात. मुंडण केलेली डोकी, भगवे लंगोट, उजव्या मुठीवर वज्र. लढत चालते काही क्षण. रक्ताचा पहिला थेंब दिसला की पंच हात आडवा घालतात, आणि राजघराण्याची पूजा पुढे सरकते. एकेकाळी जी विद्या होती तिचा आता विधी झाला आहे. विधी झाला म्हणून टिकली, असेही म्हणता येईल.

*

हा सगळा मजकूर जमवत होतो त्या दिवसांतली गोष्ट. आमच्या चाळीतला एक तरुण, दिवसा एका कचेरीत कामाला आणि संध्याकाळी या एमएमएच्या वर्गाला जाणारा, एका रात्री डोळा काळानिळा करून आला. त्याची आई त्याला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली.

“काका, तुम्ही तरी चार शब्द सांगा ह्याला. नोकरी सोडतो म्हणतोय. मारामारी करून कुणाचं पोट भरलंय का?”

मी उपदेश करणार होतो; पण टेबलावर जेठीचे चित्र पडले होते, ते त्याने उचलले. पुष्कळ वेळ पाहत राहिला. मुठीकडे, डाव्या हाताकडे, पायांच्या ठेवणीकडे. जाणकाराने पाहावे तसे पाहत होता. मी त्याला राजाची, बक्षिसाची, नशेची हकिगत सांगितली. तो म्हणाला, “आजोबा, जिंकलेल्याला बक्षीस मिळायचं, ते समजलं. हरलेल्याचं पुढं काय व्हायचं?”

आई गप्प झाली. मीही. या प्रश्नापुढे उपदेश कसला करणार? प्रवाशाच्या नजरेला राजा दिसला, आखाडा दिसला, रक्त दिसले. पण हरलेला मल्ल घरी गेल्यावर त्याची जखम कुणी धुतली, म्हातारपणी त्याला घास कुणी घातला, हे पाहायला आखाड्याबाहेर कुणी गेले नाही.

आणि हा प्रश्न जुना झालेला नाही. ११ मार्च २०१२ रोजी आपल्या अंधेरीच्या क्रीडासंकुलात सुपर फाइट लीग नावाने या खेळाचा मोठा तमाशा झाला, चित्रपटसृष्टीतले लोक पुढे होते, रोषणाई होती. २०१७ साली मुंबईचा भरत खंडारे शांघायला यूएफसीच्या रिंगणात उतरला. पहिल्याच फेरीत गळ्याला पकड बसून हरला, पण भारतात तयार होऊन तिथवर पोचणारा तो पहिला. आणि ८ जून २०२४ रोजी उत्तर प्रदेशच्या पूजा तोमरने तिथे लढत जिंकली. यूएफसीत जय मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिची मूळ विद्या वूशू, म्हणजे ठोसे आणि लाथा. मुष्टिकाच्या वंशाला इतक्या वर्षांनी यश आले ते एका मुलीच्या हातून, ही गोष्ट मला फार गोड वाटली.

पण गोडाबरोबर कडूही गिळले पाहिजे. १९२८ साली हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरने मुष्टियोद्ध्यांच्या एका आजाराचे वर्णन केले. डोक्यावर वर्षानुवर्षे मार खाल्लेला माणूस दारू न पिता झोकांड्या खाऊ लागतो, बोलणे जड होते, बुद्धी मंदावते. आज या विषयावर पुष्कळ संशोधन झाले आहे आणि त्याचा रोख एकच आहे: एकदा बसलेल्या जबर ठोशापेक्षा पुन्हा पुन्हा बसणारे लहान ठोसे अधिक घात करतात, सरावातले सुद्धा. हातमोजे घातले म्हणून डोके वाचत नाही. हातमोजा वाचवतो तो मारणाऱ्याचा हात. हात वाचला की तो अधिक वेळा मारतो. ही गोष्ट या वर्गांना मुले पाठवणाऱ्या प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावी.

याचा अर्थ मुलांना घरात कोंडावे असा नाही. कोंडलेली मुले खिडकीतून जातात. अर्थ इतकाच, की वर्गाची फी विचारताना आणखी चार प्रश्न विचारावेत. डोक्याला मार लागल्यावर इथे मुलाला किती दिवस विश्रांती देतात? लढतीच्या जागी डॉक्टर असतो का? विमा आहे का? शिकवणारा वस्ताद ‘आज पुरे’ म्हणायला शिकला आहे का? ज्या वस्तादाला हे प्रश्न टोचतात, त्याच्या आखाड्यात आपले मूल घालू नये.

आणि समाजानेही एक प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीतले ब्राँझपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले, त्यावर घर चालले. १९८४ साली अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावाने जाहीर झाला तो मरणानंतर पंधराहून अधिक वर्षांनी. पदक आणलेल्या पैलवानाची ही कथा, तर पदक न आणलेल्या ठोशेवाल्याचे काय? तरी खाशाबांच्या काळात एक सोय होती. रेल्वे, पोलीस, बँका, आमच्या गिरण्या, ही मंडळी खेळाडूंना कामावर घेत. खेळ संपला तरी हजेरीपटावर नाव राही. गिरण्या गेल्या त्यांच्याबरोबर सूत गेले, कापड गेले, तसा हा एक आधारही गेला. आजचा लढवय्या लढतीपुरता करारावर असतो. राजाच्या जागी तिकीट घेणारे आपण आलो आहोत, एवढाच फरक; आणि आपणही बक्षीस जिंकलेल्याचेच पाहतो.

त्या तरुणाला मी अखेर एवढेच सांगितले, की नोकरी सोडू नकोस आणि सरावही सोडू नकोस. दोन्ही हात शाबूत ठेव, जेठीसारखे. एकाने ठोसा मार, दुसऱ्याने पकड ठेव. त्याच्या आईला हा सल्ला अर्धाच पटला. आयांना सल्ले अर्धेच पटावेत, म्हणून तर घरे चालतात.

वाचकहो, पुढच्या वेळी एखाद्या सभेत वक्ता ‘वज्रमूठ’ म्हणेल, तेव्हा टाळी जरूर वाजवा. शब्द चांगला आहे, जोरकस आहे. पण टाळी वाजवताना क्षणभर त्या मुठीमागचा हात आठवावा, हातामागचा माणूस आठवावा, आणि तो हरून घरी गेला त्या संध्याकाळी त्याच्या दाराशी पणती होती की नव्हती, याचाही विचार करावा. तुमच्या दाराशी यंदा पणत्या असतीलच. त्यांतली एक त्याच्या नावाने लावायला तेल फारसे लागणार नाही.